नदीला पाणी सोडलंय, घरातून कशाने निघायचं?

पुण्यात भाड्याने घर बघायला आलेला माणूस पाणी किती वेळ येतं हे हमखास विचारतो. नदीकाठच्या किंवा ओढ्याकाठच्या सोसायटीत घर घेत असाल, तर पाणी कुठपर्यंत येतं हेही विचारा. दलाल सांगणार नाही. वॉचमन सांगेल, कोपऱ्यावरचा वाणी तर नक्कीच सांगेल.

मी सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला राहतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरी, विठ्ठलवाडी भागात पाणी शिरलं तेव्हा आम्हीही घर सोडलं. त्यानंतर सोसायटीत नव्याने येणारं प्रत्येक कुटुंब एकच प्रश्न घेऊन येतं: "पुन्हा तसं झालं तर गाडी काढायची, रिक्षा बोलवायची की बोटीची वाट बघायची?" दरवेळी तोंडी सांगतो, ते इथे लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. कोणतं वाहन, हा दुसरा प्रश्न आहे. रस्त्यावर पाणी आलंय का, हा पहिला. रस्ता कोरडा असेल तर जुन्या स्कूटरवरही सुटता येतं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मोठी एसयूव्हीही कामाची नाही. आणि पुण्याचं बरं हे की उंचवटा फार लांब नसतो. शहर सोडून पळायचं नसतं, एक-दोन किलोमीटर चढाकडे सरकायचं असतं. त्यामुळे लवकर निघणाऱ्याला जवळपास कुठलंही साधन चालतं.

१. तुमच्याकडे कुठलं पाणी येतं ते ओळखा

हे ठरल्याशिवाय वाहन ठरत नाही, म्हणून इथे जरा वेळ घालवा.

मुठेचं पाणी: टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तीन धरणांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. चारही धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात एकट्या खडकवासल्याची दोन टीएमसीच्या आत. पोट लहान असल्याने हे धरण लवकर भरतं, आणि एकदा भरलं की वरून येईल तितकं पाणी खाली सोडावंच लागतं. हा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. जुलै २०२४ मध्ये आमच्याकडे पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. तुमच्या इमारतीचा आकडा वेगळा असेल. मागच्या वेळी किती क्युसेकला पार्किंगमध्ये पाणी आलं, हे जुन्या रहिवाशांना विचारून फ्रीजवर लिहून लावा. तो आकडा अंदाज म्हणूनच धरा, कारण धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि नदीला मिळणारे ओढे त्यात भर घालतात.

मुळेचं पाणी: बाणेर, बालेवाडी, औंध, सांगवी, बोपोडी या भागांनी खडकवासल्याच्या बातम्यांवर विसंबू नये. तुमच्याकडे येतं ते मुळशीचं आणि पवनेचं पाणी. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली, म्हणजे ताडीवाला रस्ता, येरवडा वगैरे भागांत दोन्ही नद्यांकडे लक्ष ठेवावं लागतं.

ओढ्याचं पाणी: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वरचा भाग धुऊन काढला. सीमाभिंती पडल्या, माणसं गेली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. ओढ्याला विसर्गाची पूर्वसूचना नसते.

कालव्याचं पाणी: २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला. पाऊस नाही, दिवसाढवळ्या, आणि पाणी दांडेकर पुलापर्यंत.

नदी बहुतेक वेळा काही तास देते, ओढा आणि कालवा मिनिटं देतात. नदीकाठी राहणाऱ्याने वाहनाचा विचार करावा. ओढ्याकाठी किंवा कालव्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याने वाहन विसरावं आणि पायी वरच्या मजल्यावर किंवा चढाच्या दिशेने जावं. गाडी वाचवायला पार्किंगमध्ये उतरणं हाच तिथला सगळ्यात मोठा धोका आहे.

पूररेषेचे नकाशेही बघून ठेवा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'सरासरी' या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. २०२४ च्या जुलैत घरं धुऊन काढली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा सामान वर चढवायची वेळ आली.

२. कुठे जायचं ते आधी, कशाने जायचं ते नंतर

दोन ठिकाणं ठरवा. त्यातलं एक तरी नदी न ओलांडता गाठता आलं पाहिजे. सिंहगड रस्त्यावरची निम्मी माणसं "कोथरूडला मावशीकडे जाऊ" म्हणतात. मावशी चांगली आहे, पण मधे मुठा आहे. भिडे पूल सगळ्यात आधी पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता त्याच सुमारास बंद होतो. राजाराम पूल, म्हात्रे पूल उंच आहेत, पण सगळी गर्दी तिथेच वळली की पुलाच्या तोंडाशी गाड्या तासन् तास अडकतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा लकडी पुलावरूनही पाणी गेलं होतं. इतक्या टोकाचा विचार रोज कशाला करायचा हे मान्य, पण आपल्याच काठावरचा एक नातेवाईक, मित्र किंवा ऑफिसमधला सहकारी हाताशी असावा. कोणीच नसेल तर महापालिकेच्या शाळांमध्ये निवाऱ्याची सोय होते. तुमच्या भागातली शाळा कोणती, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा.

मग एका कोरड्या रविवारी घरापासून त्या ठिकाणापर्यंत चालत जा. खोलगट जागा कुठे, चेंबरची झाकणं कुठे, कुठल्या गल्लीत नेहमीच्या पावसातही पाणी तुंबतं, हे पायाला कळतं. मोबाइलवरचा नकाशा पुरात अनेकदा जवळचा म्हणून नदीपात्राकडचाच रस्ता दाखवतो.

३. निघायचा इशारा ठरवा

"बघू, वाढलं तर निघू" असं म्हणत बसलेलं घर शेवटी बोटीतून निघतं. खालच्यांपैकी एक जरी घडलं तरी निघायचं, असं घरात बोलून ठेवा:

- फ्रीजवरच्या आकड्याच्या जवळ विसर्ग नेणार असल्याची सूचना आली.
- सोसायटीच्या नदीकडच्या भिंतीला पाणी लागलं.
- संध्याकाळ झाली, विसर्ग वाढतोय आणि घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर लोक हुज्जत घालतात, मी मात्र त्यावर ठाम आहे. अंधारात पाण्याची खोली कळत नाही, वीज गेलेली असते आणि मेट्रो-बसही बंद असते. संध्याकाळी निघून पाणी आलंच नाही, तर एक रात्र पाहुणचार झाला, इतकंच नुकसान.

सूचनांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप मोबाइलवर घ्या. विसर्गाचे आकडे जलसंपदा विभाग जाहीर करतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या आकड्याखाली तारीख आणि वेळ नसेल तर तो खरा धरू नका. मागच्या वर्षीचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात.

४. कोण कशाने निघणार

एक नियम आधी पाठ करा: पाणी वाहतं असेल तर त्यात उतरायचं नाही, आणि रस्ता दिसत नसेल तर त्यावर गाडी घालायची नाही. वाहतं पाणी वीतभर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय निसटू शकतो. फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. गाडी जड आहे हा भ्रम पाण्यात टिकत नाही.

पायी. लोक हा पर्याय यादीत धरतच नाहीत, पण रस्ता कोरडा असेल आणि ठिकाण किलोमीटरभरावर असेल तर तरण्या माणसांनी पायीच निघावं. गाड्यांची कोंडी होत नाही आणि गाडीतली जागा म्हाताऱ्यांना मिळते. चप्पल नको, बंद आणि घट्ट बूट हवेत. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जावंच लागलं तर हातात काठी घ्या आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी तळ चाचपा. चेंबरचं उघडं तोंड पाण्याखाली दिसत नाही. विजेचा खांब, डीपी (रस्त्यावरची विजेची पेटी), लोखंडी रेलिंग, हातगाडी यांना हात लावायचा नाही. जुलै २०२४ च्या त्याच पावसात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले.

दुचाकी. पुणेकराचं लाडकं वाहन, आणि लवकर निघणार असाल तर उत्तमही. कोंडीतून वाट काढते, कुठेही लावता येते. एका फेरीत चालवणारा अधिक एक माणूस अधिक पाठीवरची सॅक, बस. मधे मूल, पुढे बॅग, मागे आजी हे ओल्या रस्त्यावर करू नका. पाणी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत असेल तर गाडी तिथेच सोडा. गिअर नसलेल्या स्कूटरच्या पट्ट्याच्या कव्हरात पाणी गेलं की पट्टा घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी सुटी होत असेल तर ती काढून वर न्या.

मोटार. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुत्रं-मांजर यांच्यासाठी सगळ्यात सोयीची, पण फक्त रस्ता कोरडा असेपर्यंत. पावसाळ्यात जोराच्या पावसाचा इशारा असेल तेव्हा रात्री गाडी बेसमेंटमध्ये लावूच नका. सोसायटीबाहेर, चढाच्या रस्त्यावर, मुख्य रस्त्याकडे तोंड करून लावा. पार्किंगच्या जागेवरून होणारी भांडणं त्या एका रात्रीपुरती बाजूला ठेवता येतात. बेसमेंटच्या उतारावरून पाणी आत यायला लागलं की खाली जायचं नाही, मग गाडी कितीही नवी असो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, कारण त्या दिवशी पंपावर रांग असते.

गाडी पाण्यात अडकली आणि पाणी चढायला लागलं तर सीटचा पट्टा सोडा, काच खाली करा आणि बाहेर पडा. पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि थोड्या वेळाने काचेचं बटणही चालत नाही. सीटच्या डोक्याकडच्या उशीचे दोन लोखंडी दांडे निघतात. त्यांनी बाजूची काच कोपऱ्यात फोडा, पुढची फुटत नाही.

रिक्षा आणि ॲपवरची कॅब. यांवर भिस्त ठेवू नका. पाऊस वाढला की बुकिंग स्वीकारून रद्द होतं, भाडंही चढतं. यात चालकांची चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांचीही गाडी कर्जावर असते आणि पुराच्या पाण्यात कोणी का घालावी? त्यापेक्षा जवळच्या स्टँडवरच्या एखाद्या रिक्षावाल्या काकांशी पावसाळ्याआधी बोलून ठेवा. "आईला घेऊन जायचंय, वेळ आली तर याल का?" एवढं विचारलं आणि नंबर घेतला, तर ते ॲपपेक्षा खात्रीचं असतं. आमच्या इमारतीतल्या दोन आजी तशाच बाहेर पडल्या.

पीएमपीची बस आणि मेट्रो. दुसऱ्या टप्प्यासाठी. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत ती येणार नाहीत, पण तिथून पुढे चांगली. मेट्रो एक पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दुसरी वनाज ते रामवाडी, आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलता येते. नदी ओलांडायची असेल आणि पुलांवर कोंडी असेल तर, सुरू असल्याची खात्री करून, मेट्रोच घ्या. सिंहगड रस्त्याकरांना मात्र आधी स्वारगेट गाठावं लागतं. रात्री उशिरा आणि पहाटे मेट्रो नसते.

टेम्पो. छोटा हत्ती सामानासाठी आहे, तोही आदल्या दिवशी. पाणी भिंतीला लागल्यावर फ्रीज आणि वॉशिंग मशीन उतरवत बसलेलं कुटुंब पाहिलं की जीव घाबरा होतो. त्यापेक्षा ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चढवा.

अंथरुणाला खिळलेला माणूस. यांचं नियोजन वेगळं आणि सगळ्यात आधी. १०८ ची रुग्णवाहिका मिळते, पण पूर चढल्यावर तिलाही रस्ता नसतो. म्हणून इशाऱ्याच्या पहिल्या पायरीलाच हालवा. लिफ्ट वापरू नका, मधेच वीज गेली तर अडकाल. हातांची मजबूत प्लास्टिकची खुर्ची घ्या, माणसाला ओढणीने किंवा साडीने छातीशी बांधा, एकाने मागून आणि एकाने पुढून धरून जिना उतरा. हे एकदा रिकाम्या खुर्चीने करून बघा, जिन्याचं वळण किती अरुंद आहे ते तेव्हाच कळतं. डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांनी नदीच्या पलीकडचं रुग्णालय असेल तर अलीकडचं एक शोधून ठेवावं.

५. हाताशी काय हवं

प्रत्येकाची एक सॅक, पाठीवर मावणारी. चाकांची बॅग पाण्यात ओझंच. प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत कागद घाला:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक
- भाडेकरू असाल तर भाडेकरार, मालक असाल तर खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेट यांच्या प्रती
- आरोग्य विमा आणि वाहन विम्याची पॉलिसी
- डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि आठवडाभराची औषधं
- कुत्र्या-मांजराच्या लसीकरणाची वही

भाडेकराराचं महत्त्व लोकांना नंतर कळतं. पंचनाम्यात तुम्ही तिथे राहत होता हे दाखवावं लागतं, आणि मदतीची रक्कम बँक खात्यात येते. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. याशिवाय रोख पैसे (नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं), पॉवर बँक, टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली, रेनकोट. गाडीच्या दोन्ही किल्ल्या एकाच सॅकमध्ये ठेवू नका.

बाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर आणि घरातला मेन स्विच बंद करा. हात आणि पाय कोरडे असतील तरच. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर तिथे पाऊल टाकू नका, महावितरणला कळवा.

६. उशीर झालाच तर

रस्त्यावर पाणी वाहायला लागल्यावर वाहन हा विषय संपला. वर चढा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडं ठेवावं, तळमजल्याच्या लोकांना आत घ्यावं. पिण्याचं पाणी बादल्यांत भरून ठेवा. पूर ओसरला तरी वीज आणि पंप लगेच सुरू होत नाहीत.

फोन ११२ ला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. बोलताना इमारतीचं नाव, जवळची खूण, कितवा मजला, माणसं किती, त्यात आजारी किती, हे सलग सांगा. "लवकर या" हे त्यांना माहीत असतं.

बोट आली तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. एकेकाने, खाली वाकून चढा आणि मधोमध बसा. उभं राहून व्हिडिओ काढू नका. सॅक मांडीवर मावेल एवढीच. आधी आजारी, मुलं, म्हातारी माणसं. कोणाला आधी न्यायचं हे जवान ठरवतील, चेअरमनने मधे पडू नये.

७. परतल्यावर गाडीला हात लावण्याआधी

पाण्यात बुडालेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना सुरू करायला गेलात की आतले दांडे वाकतात. त्या नुकसानीला साध्या पॉलिसीत भरपाई मिळणं अवघड असतं, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. दुचाकीचा विमा बहुतेकांचा तसाच असतो, आजच उघडून बघा.

आधी गाडीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, नंबर प्लेट दिसेल असे. मग विमा कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. घरातला गाळही फोटो आणि पंचनामा होईपर्यंत काढायची घाई करू नका. पंचनाम्याला कोणी आलं नाही तर क्षेत्रीय कार्यालयात आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.